बाबांचं टाइम स्टडीचं घड्याळ आणि जुन्या क्रोनोग्राफचा नाद

नौपाडेकर | ८ जून, रात्री १०.४०

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करताना बाबांच्या कपाटाच्या चोरकप्प्यात रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ निघालं. लहानपणी ते रोज त्यांच्या मनगटावर पाहिलेलं. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण ते घड्याळ कुठे गेलं हे आम्हा भावंडांपैकी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

चावीचं आहे, स्टीलची केस. चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं. डायलवर डावीकडे सेकंदाची छोटी तबकडी, उजवीकडे ३० मिनिटांची. मधला लांब काटा एरवी बारावर उभा असतो. वरचं बटण दाबलं की निघतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की परत बारावर. असं स्टॉपवॉच पोटात असलेल्या घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. डायलवरचं नाव कुणाच्या ओळखीचं निघत नाही. त्या काळी अशी कितीतरी छोटी स्विस नावं होती, आतली मशीन दुसऱ्याकडून घ्यायची आणि डायलवर आपलं नाव घालायची, हे गेल्या तीन आठवड्यांत वाचून वाचून मला कळलं.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइम स्टडी करायचे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कामगार मशीनवर जॉब चढवतो तिथपासून तयार जॉब ट्रेमध्ये ठेवतो तिथपर्यंतचा वेळ घ्यायचा, एकाच कामाचा वीस-पंचवीस वेळा. माणूस किती जोमाने काम करत होता त्याचं रेटिंग लावायचं, पाणी प्यायला, पाठ सरळ करायला म्हणून अलाउन्स धरायचा, आणि त्यातून एका नगाला किती वेळ द्यायचा ते काढायचं. पीस रेट त्यावर ठरायचा. कारखान्याचं स्टॉपवॉच फळीवर बसवलेलं होतं, ते घेऊन फिरणं बाबांना आवडत नसे. १९६९ साली बोटीवर नोकरी करणाऱ्या मावसभावाकडून त्यांनी हे घेतलं आणि पैसे हप्त्याहप्त्याने फेडले.

डायलच्या कडेने बारीक लाल आकड्यांची पट्टी आहे, टॅकीमीटर. ती असते गाडीचा वेग काढायला. एक किलोमीटर जायला ४५ सेकंद लागले तर काटा ८० वर थांबतो. हिशेब ३६०० भागिले सेकंद एवढाच, म्हणून बाबा ती नगांसाठी वापरायचे. एका जॉबला ४० सेकंद, काटा ९० वर, तासाला ९० नग. मला मात्र त्यांनी वेगच काढायला शिकवलं. रुळांच्या कडेच्या विजेच्या खांबांवर आकडे रंगवलेले असतात, किलोमीटरचा आकडा आणि त्या किलोमीटरमधला कितवा खांब तो नंबर. एका किलोमीटरचा पहिला खांब गेला की बटण, पुढच्या किलोमीटरचा पहिला खांब आला की बटण. फास्ट लोकलने मुलुंड मागे टाकलं की मी खिडकीच्या गजांना नाक लावून बसायचे. माझ्या हातून खांब चुकला तर बाबा रागवायचे नाहीत, "परत घे" म्हणायचे.

चांगली घड्याळं घरात दोन-तीन आहेत, त्यांच्याकडे मी फक्त किती वाजले ते बघायला बघते. हे हातात घेतलं की काहीतरी मोजावंसं वाटतं. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतरसुद्धा.

प्रश्न दोन. हे दुरुस्त करून वापरायला काढू की आहे तसं जपून ठेवू? आणि या नादाची माणसं इथे आहेत का?

ऐरोली_सेक्टर_५ | ८ जून, रात्री ११.२५

ताई, आधी एक कळकळीची विनंती. सर्व्हिसिंग होईपर्यंत चावी भरू नका आणि बटणं दाबू नका. इतक्या वर्षांत तेल वाळून त्याचा डिंक होतो, धूळ त्यात बसते आणि चाकांची बारीक टोकं झिजायला लागतात.

जाणकाराकडून मागचं झाकण उघडून घ्या. बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) खाली बघायला सांगा, मशीनची ओळख बहुतेक तिथेच कोरलेली असते. ढालीत व्ही अक्षर आणि जवळ नंबर असेल तर व्हॅल्जू. तुम्ही वर्णन केलंय तशी दोन तबकड्यांची मशीनं व्हॅल्जू, व्हीनस, लँडेरॉन अशा दोन-चार कारखान्यांतूनच यायची. लँडेरॉन ४८ असतं तर वरचं बटण फक्त चालू करतं, थांबवायला आणि परत आणायला दोन्ही वेळा खालचं. तुमचं वरच्याच बटणाने थांबतं, म्हणजे ते नाही.

आणि १९६९! क्रोनोग्राफच्या इतिहासातलं सगळ्यात धावपळीचं वर्ष. तोपर्यंतचे सगळे क्रोनोग्राफ चावीचे. हाताच्या हालचालीवर चालणारा पहिला कोण आणतो याची चुरस होती. १० जानेवारीला झेनिथने एल प्रिमेरो जाहीर केलं, ३ मार्चला हॉयर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्युबुआ-देप्रा यांनी मिळून कॅलिबर ११ आणलं, आणि मे महिन्यात सेइकोचं ६१३९ जपानमध्ये विक्रीला आलं. पहिला कोण यावर आजही लोक तावातावाने भांडतात. मी सेइकोवाला आहे, त्यामुळे माझं मत विचारू नका.

माझ्याकडचं ६१३९ पिवळ्या डायलचं आहे. वडील कुवेतला होते, तिथून त्यांनी आणलं. याच जातीचं घड्याळ अमेरिकन अंतराळवीर विल्यम पोग यांनी स्कायलॅब ४ मोहिमेवर नेलं होतं, १९७३ च्या नोव्हेंबरपासून ८४ दिवस. नासाच्या मान्यताप्राप्त यादीत ते नव्हतं. सरावाच्या वेळी वापरून हाताला सवय झाली, म्हणून सूटच्या खिशात घालून नेलं. मान्यता मिळालेल्या घड्याळांपेक्षा हे मला जास्त भावतं. ज्याला काम करायचं होतं त्याने आपल्या सवयीचं हत्यार बरोबर घेतलं.

वाचनमात्र_विटावा | ९ जून, सकाळी ७.१०

वाचतोय. खूण साठवली. ताई, फोटो टाका.

डॉक्टर_चरई | ९ जून, दुपारी ३.३०

सुरेख लिहिलंय. माझ्या सासऱ्यांचं असंच घड्याळ माझ्याकडे आहे, पण त्याच्या कडेची पट्टी वेगळी आहे. ती आहे पल्सोमीटर, ३० ठोक्यांची. रुग्णाचं मनगट धरायचं, बटण दाबायचं, ३० ठोके मोजायचे, पुन्हा बटण. २५ सेकंद लागले तर काटा ७२ वर उभा. गुणाकार नाही, अर्ध्या मिनिटाची दुप्पट नाही. सासरे गावोगाव सायकलवर फिरणारे डॉक्टर होते. मी स्वतः ऑक्सिमीटर वापरते, पण एखाद्या म्हाताऱ्या रुग्णाला घाबरल्यासारखं झालं असेल तर हे काढते. ३० ठोके मोजेपर्यंत तरी त्याचं मनगट माझ्या हातात राहतं, आणि तेवढ्यात तो निवांत होतो.

या घड्याळांचं मला वाटणारं मोल त्या कडेच्या पट्टीत आहे. घड्याळ कुणासाठी बनवलं ते ती सांगते. डॉक्टरसाठी ठोके, तोफखान्यासाठी अंतर, मोटारवाल्यासाठी वेग. तुमच्या बाबांनी मोटारवाल्याची पट्टी कारखान्यात नेली, हे मी पहिल्यांदाच ऐकते आहे.

एक काळजीची गोष्ट. डायलवर पिवळट-तपकिरी ठिपके असतील, अंधारात चमकायचे ते, तर डायल उघडं करून खरवडू नका. साधारण १९६० पर्यंत त्यात किरणोत्सारी रेडियम असायचं. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं होत नाही. चमकणारा पदार्थ थकतो, रेडियमचं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षांचं. काच लावलेली असताना मनगटावर घालायला हरकत नाही, भुकटी नाकातोंडात जाता कामा नये. नंतर आलेल्या ट्रिटियमचं अर्धायुष्य बारा वर्षांच्या आसपास, त्याची भीती नाही. सहाच्या आकड्याखाली 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी असेल तर ते ट्रिटियम.

वाशी_ते_बेलापूर | ९ जून, रात्री ९.०५

दुरुस्तीला देताना काय काय सांगावं लागतं ते माझ्या अनुभवावरून सांगतो. चार वर्षांपूर्वी काकांचा क्रोनोग्राफ एका दुकानात सर्व्हिसिंगला दिला. आठ दिवसांनी घ्यायला गेलो तर घड्याळ चकाचक. माझ्या पोटात गोळा आला. केस बफवर धरून घासलेली. पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांना धारदार कडा होत्या, त्या साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. आणि डायल नवं छापलेलं. जुन्या डायलवरची अक्षरं भिंगाखाली कोरल्यासारखी दिसायची, नव्यावर शाई पसरलेली, छोट्या तबकडीतल्या रेघा मध्याला धरून नाहीत. जुनं डायल कुठे आहे विचारलं तर म्हणाले, तेच धुऊन त्यावर छापलं. म्हणजे परत येण्याचा मार्गच बंद. दुकानदाराच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला वाटलं गिऱ्हाईक खूश होईल. मी पैसे दिले आणि वाशी स्टेशनच्या बाकड्यावर अर्धा तास बसून राहिलो.

जगभरच्या संग्राहकांमध्ये असल्या रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव यासाठी घेतलं जावं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण याच शहरात मशीनमध्ये जीव ओतणारे कारागीरही आहेत. ताई, देताना कागदावर लिहून द्या: पॉलिश नको, डायलला हात नको, काढलेला प्रत्येक भाग पुडीत घालून परत हवा.

घोडबंदर_रोड | १० जून, सकाळी ११.५०

प्रामाणिक शंका. यात गुंतवणूक म्हणून कितपत अर्थ आहे? अमेरिकन नट पॉल न्यूमनचं घड्याळ लिलावात केवढ्याला गेलं ते ऐकून आहे.

ऐरोली_सेक्टर_५ | १० जून, दुपारी १.१५

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला गेलं, १ कोटी ७७ लाख डॉलरला. त्याच्या आदल्या वर्षी जिनिव्हाला पाटेक फिलिपचं १५१८, स्टीलच्या केसमधलं, १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला. ते मॉडेल १९४१ पासूनचं, बहुतेक सगळी सोन्याची. स्टीलची आजवर माहीत असलेली चारच. सोन्यापेक्षा लोखंड महाग, ते एवढ्यासाठी.

हे आकडे वाचून कुणी यात पडू नये. न्यूमनच्या मनगटावरचं ते डायल दुकानात होतं तेव्हा फारसं खपत नव्हतं. घेणाऱ्यांनी आवडलं म्हणून घेतलं. तुम्ही-आम्ही घेतो त्या घड्याळांत सर्व्हिसिंगचा खर्चच पुष्कळदा घड्याळाच्या किमतीच्या निम्मा होतो, आणि विकायला गेलात तर पहिला प्रश्न डायल मूळचं आहे का.

दुर्मीळ या शब्दाची मला अशी ओळख झाली. ६१३९ लाखांनी बनली असतील, तरी काटे, डायल, आतली कडी, बटणं, सगळं कारखान्यातून निघालं तसं असलेलं नग शोधायला मला सहा वर्षं लागली. ते हवं होतं आमचं, वडिलांचं घड्याळ तुलना करून तपासायला. वडिलांच्या घड्याळाच्या पाठीवरचा नंबर ३ ने सुरू होतो आणि पुढचा आकडा ८. पहिला आकडा सालाचा, दुसरा महिन्याचा. हे मशीन सत्तरीच्या दशकातलं, म्हणून १९७३ चा ऑगस्ट. वडील परतले १९७४ च्या गणपतीत. सगळं जुळलं तेव्हा आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीतच होतं, बिल माझ्याकडे आहे."

रोड_नंबर_१६ | ११ जून, रात्री १२.१०

दोन दिवस हा धागा उघडतोय आणि लिहू की नको असं चाललंय.

माझे वडीलही वागळे इस्टेटमध्येच होते, टर्नर, पुढे टूल रूममध्ये. कारखाना नौपाडेकरांच्या बाबांचा नव्हे, दुसरा. आमच्या घरात 'घड्याळवाला' हा शब्द चांगल्या अर्थाने कधी आला नाही. वडील सांगतात, घड्याळवाला पाठीमागे येऊन उभा राहिला की हात आपोआप जड व्हायचा. फीड कमी ठेवायचा, टूल उगाच एकदा जास्त पारजायचं. कारण त्याच्या कागदावर जो आकडा पडेल तो पुढची काही वर्षं गळ्यात. एकदा एक जण चांगला मूडमध्ये होता, घड्याळासमोर भराभर करून दाखवलं, आणि अख्ख्या लाइनचा रेट कापला गेला. त्या माणसाशी कुणी महिनाभर डबा खाल्ला नाही.

ताई, तुमच्या बाबांबद्दल वाईट म्हणायचं नाही. लोकलच्या खिडकीचं वाचलं तेव्हा मला माझेच वडील आठवले, ते मला मायक्रोमीटर वाचायला शिकवायचे. पण त्या काट्याच्या दुसऱ्या बाजूला आमचं घर होतं, ते इथे लिहिलेलं असावं असं वाटलं.

नौपाडेकर | ११ जून, रात्री ११.३०

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. मी आज दिवसभर याच विचारात होते.

घड्याळाबरोबर एक डायरीही निघाली होती. मी ती नुसती चाळली होती, आज नीट बसून वाचली. पानावर डावीकडे जॉबचा नंबर, मग एकाखाली एक वेळा: ४१, ४३, ४०, ५२, आणि ५२ पुढे कंसात "घाम पुसला, धरावे". एका पानावर भट्टीजवळच्या कामाचा हिशेब आहे. अलाउन्सच्या रकान्यात बाबांच्या अक्षरात १८. त्यावर लाल शाईची रेघ, आणि शेजारी वेगळ्या अक्षरात १२. खाली बाबांनी पेन्सिलीने लिहिलंय, "मे महिन्यात पुन्हा घ्यावे." पुढे मे महिन्याची पानं आहेत. त्यात त्याच कामाच्या चाळीस नोंदी आहेत, एका दिवसाच्या नव्हे, सहा दिवसांच्या. रकान्यात पुन्हा १८. त्यावर लाल शाई नाही. रेट शेवटी काय लागला ते डायरीत नाही.

बाबा घरी कारखान्याबद्दल बोलत नसत. कामगारांच्या वस्तीतून जायची वेळ आली तर घड्याळ काढून खिशात ठेवायचे. मला वाटायचं, चोरीच्या भीतीने.

घड्याळ दुरुस्त करायचं ठरवलंय. ठाणे स्टेशनजवळच्या एका काकांकडे दिलं, वाशीकरांनी सांगितलेलं सगळं कागदावर लिहून.

येऊरच्या_पायथ्याशी | १९ जून, रात्री ८.४५

तोफखान्याच्या पट्टीचा उल्लेख वर आला म्हणून लिहितो. माझ्याकडे ती आहे, टेलिमीटर. उजेड दिसला की चालू, आवाज आला की बंद, काटा किलोमीटर दाखवतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ९ सेकंदांना ३ किलोमीटर. तोफेची चमक आणि गडगडाट यांसाठी केलेली सोय.

काल संध्याकाळी येऊरच्या डोंगरामागे वीज चमकायला लागली. दिवे गेलेले. नातीला गॅलरीत घेऊन बसलो आणि बटण तिच्या बोटाखाली दिलं. पहिली साडेसहा किलोमीटर. दुसरी पाच. मग चार. ती ओरडायला लागली, "आजोबा, येतोय, येतोय!" दोनवर काटा थांबला तेव्हा पहिले टपोरे थेंब कठड्यावर पडले. पाऊस आमच्याकडे चालत येताना मी आयुष्यात पहिल्यांदा मोजून पाहिला. घड्याळ पावसात नेऊ नये हे मला कळतं, या वयाच्या बटणांतून पाणी शिरतं, म्हणून थेंब आल्याबरोबर आत आलो.

नौपाडेकर | १७ जुलै, रात्री ९.५०

घड्याळ आलं. पाच आठवडे लागले, साडेसहा हजार झाले. ऐरोलीकर, ढालीत व्ही निघाला आणि नंबर २३. काका म्हणाले, ही मशीन अर्धशतकाहून जास्त वर्षं बनत होती. हिच्यातच तासांची तिसरी तबकडी वाढवून ७२ नंबर केली, आणि ती रोलेक्सच्या डेटोनात आणि हॉयरच्या कॅरेरात जायची. मिनिटाच्या काट्याला धरणारी केसासारखी स्प्रिंग तुटली होती, ती त्यांनी एका मेलेल्या मशीनमधून काढून बसवली.

मला त्यांनी डोळ्याला भिंग लावून आतलं दाखवलं. वरचं बटण दाबलं की एक बारीक चाक एक घर पुढे सरकतं. त्याच्यावर किल्ल्याच्या बुरुजासारखे खांब आहेत, त्याला कॉलम व्हील म्हणतात. त्याला टेकलेल्या आतल्या पट्टीचं टोक खांबावर चढलं की एक हालचाल, दोन खांबांच्या मधल्या खळीत पडलं की दुसरी. मधल्या काट्याच्या चाकावर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा तुकडा बसवलेला आहे. खालचं बटण दाबलं की हातोडीसारखी पट्टी त्या बदामावर आपटते. बदाम कसाही फिरलेला असो, तो घसरत घसरत खोलगट बाजूवरच येऊन टेकतो आणि काटा बारावर. १८४४ साली अ‍ॅडॉल्फ निकोल नावाच्या माणसाने याचं पेटंट घेतलं. मी काकांना दहा वेळा ते करायला लावलं.

रोड नंबर १६, तुम्ही व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होतात त्याप्रमाणे रविवारी येते. डायरीही आणते.

रोड_नंबर_१६ | २१ जुलै, रात्री १०.२०

ताई काल घरी येऊन गेल्या. वडील ८२ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. डायरी त्यांनी बराच वेळ चाळली. भट्टीच्या पानावर बोट ठेवून एवढंच म्हणाले, "१८ बरोबर आहे. २० पण चाललं असतं."

घड्याळ आधी हातात घेत नव्हते. मग ताईंनी काकांकडून काढून आणलेला मशीनचा मोठा फोटो दाखवला, कॉलम व्हील आणि बदामाचा. वडिलांनी चष्मा बदलला. खिडकीपाशी गेले. मला म्हणाले, कडा बघ, एकही बर (कापल्यावर कडेला राहणारी धातूची कुसळ) नाही. मग बदामाकडे बघत राहिले. हा कॅम नुसता मशीनवर निघत नाही, शेवटचा हात फाइलचा, कानशीचा आहे, म्हणाले. मग घड्याळ मागून घेतलं, कानाला लावलं, बटण दाबलं, थांबवलं, काटा परत आणला. चार-पाच वेळा. शेवटी ताईंना विचारलं, "हे फिटिंग करणाऱ्याला एका नगाला किती वेळ दिला होता?"

ऐरोली_सेक्टर_५ | २१ जुलै, रात्री ११.००

तुमच्या वडिलांना सांगा, फाइल त्यांनी बरोबर ओळखली, फक्त तिचा शेवटचा हात हातोडीवर पडतो. मिनिटाच्या चाकावरही असाच एक बदाम असतो. हातोडीची दोन टोकं दोन्ही बदामांवर एकाच वेळी घट्ट टेकावी लागतात, नाहीतर एक काटा बारावर येतो आणि दुसरा किंचित मागे राहतो. म्हणून ती टोकं शेवटी हाताने, किंचित किंचित घासून, प्रत्येक घड्याळात वेगळी जुळवावी लागतात. ताईंच्या घड्याळात एकदा खालचं बटण दाबून भिंगाखाली दोन्ही काटे बघायला सांगा त्यांना.